शिंदीची झाडं आणि डाळिंबाचा पाक

सोलापुरात पेयांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात रूपाभवानीच्या देवळापासून करावी लागते. ८ मे १९३० रोजी गावातला मोठा जमाव तिकडे निघाला होता. तीन दिवसांपूर्वी गांधीजींना अटक झाली होती आणि शहर पेटलेलं होतं. त्या भागात शिंदीची झाडं होती, लोकांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. झाडं पडू लागली, पोलीस आले, त्यांनी काही जणांना पकडलं. पकडलेल्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात पडला. मग पोलीस चौकी जळाली, न्यायालय जळालं, पोलिसांचेही बळी गेले. १२ मेला लष्करी कायदा लागू झाला. सोलापूरकर त्याला आजही ‘मार्शल लॉ’ म्हणतात. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

हा प्रसंग आपण स्वातंत्र्यलढ्याचा म्हणून शिकतो, आणि तो तसा आहेच. पण कुऱ्हाड शिंदीवरच का पडली, हा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. मिठाप्रमाणेच शिंदीवरही सरकारचा हात होता. ताड, माड, शिंदी यांपैकी कुठल्याही झाडाला छेद द्यायचा तर आधी परवाना आणि झाडपट्टी लागे. मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात जमीनमहसुलानंतर अबकारीचा वाटा मोठा होता. त्या एप्रिलमध्ये गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडाची झाडं तोडण्याचं आवाहन केलं, ते एका बाजूने दारूमुक्तीसाठी आणि दुसऱ्या बाजूने या तिजोरीला धक्का देण्यासाठी. सोलापुरात त्याला उत्तर मिळालं. गिरण्यांच्या या शहरात पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानात काय जातं आणि घरी काय पोहोचतं, हे प्रत्येक चाळीला ठाऊक होतं.

त्याच वर्षी, १९३० मध्येच, लंडनला एक पुस्तक निघालं. सॅव्हॉय हॉटेलच्या बारचे प्रमुख हॅरी क्रॅडॉक यांचं ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’. जगभरचे बारवाले आजही ते प्रमाण मानतात. त्यात ‘बॉम्बे कॉकटेल’ आहे. ब्रँडी, दोन जातींची व्हरमूथ, थोडं क्युरासाओ आणि ॲब्सिंथचा शिडकावा. फ्रान्स आहे, इटली आहे, कॅरिबियन बेटावरचं कडू संत्रं आहे. मुंबईचं नाव सोडून मुंबईचं त्यात काहीही नाही. एका बाजूला मुंबई इलाख्यात एका झाडापायी गोळ्या झाडल्या जात होत्या आणि दुसरीकडे त्याच इलाख्याच्या राजधानीचं नाव पेल्याला शोभा देत होतं.

ही दोन टोकं मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. पुण्या-मुंबईच्या बारमध्ये आता कॉकटेलच्या यादीत प्रत्येक पेल्याखाली चार ओळींची गोष्ट छापलेली असते. कुठला राजा, कुठलं जहाज, कुठला सैनिक. ऋतूप्रमाणे यादी बदलते, उन्हाळ्यात कैरी येते, पावसात आलं येतं. लोक ते कौतुकाने वाचतात आणि मलाही त्यात वावगं वाटत नाही. पण या गोष्टी बहुतेक बाहेरून आयात होतात. पेल्यात काय काय गेलं, ते कुठल्या जमिनीत उगवलं, कुणाच्या कायद्याने ते स्वस्त किंवा महाग झालं, याचा त्यात मागमूस नसतो. माझं म्हणणं असं की पेयाचा इतिहास हा आधी झाडाचा, ऋतूचा आणि कराचा इतिहास असतो. आपल्याकडे पेयातून ऋतू गेला तो आपोआप गेला नाही. तो अबकारीने काढून घेतला.

मिश्र पेयांच्या जगातली एक फार जुनी गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची आहे, ती आधी सांगतो. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात या भागात होता. तो सुरत, मुंबई, गोवा असा फिरला. १६७५ मध्ये मोगल सुभेदाराच्या घरी औषधोपचारासाठी घाट चढून जुन्नरलाही आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. गोव्यातल्या नेरूळला उत्तम माडाची अर्क-दारू मिळते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पंच’ नावाचं पेय करतात, असं तो त्यात नोंदवतो. नावाचं कारणही देतो : हिंदुस्थानी भाषेत पाच, कारण जिन्नस पाच. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा गुलाबपाणी. व्युत्पत्तीवर भाषापंडितांचा वाद आहे. काहींना हा शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असं वाटतं. पण पंच हे पेय पूर्वेच्या व्यापारातून इंग्लंडला गेलं याबद्दल वाद नाही. कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात हा शब्द १६३२ पासून दिसतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांच्या अशाच पेयाची नोंद केली आहे.

युरोपातल्या खलाशाला घरची बिअर समुद्रावर टिकत नव्हती आणि द्राक्षाची दारू उष्णतेत आंबून जात होती. इकडे त्याला माडाची कडक अर्क-दारू मिळाली, पण ती नुसती घशाखाली उतरेना. मग त्याने इथल्या सरबतात ती ओतली. मला या गोष्टीतला हा भाग महत्त्वाचा वाटतो. लिंबू, साखर, पाणी आणि सुगंध यांचं प्रमाण इथल्या घरांना आधीपासून माहीत होतं. पाहुण्याने त्यात दारू मिसळली, नाव बहुधा आपल्या आकड्याचं दिलं आणि ते पेय लंडनच्या क्लबांत गेलं. पाचाचा हा आकडा सोलापूर जिल्ह्याला परका नाही. पंढरपुरात विठ्ठलाला रोज पहाटे पंचामृताचं स्नान होतं : दूध, दही, तूप, मध, साखर. पेयात किती जिन्नस, ते कुठल्या क्रमाने आणि का, याचा विचार आपल्याकडे देवघरापासून चालत आला आहे.

राजवाड्यातही हा विचार होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर, आणि सोलापूरचा मुलूख त्या राज्यातलाच. राजाने पाणी कुठलं प्यावं, ते सुगंधी कसं करावं, पानकं कशी करावीत, याला या ग्रंथात जागा दिली आहे. त्याहून फार जुन्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरणच आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार तिथे कृतीसह येतात. मैरेयात गूळ, मिरी, त्रिफळा पडतो. आणि पानगृह कसं असावं हे सांगताना कौटिल्य म्हणतो की त्यात फुलं, सुगंध, पाणी असावं आणि ते त्या त्या ऋतूत सुख देणारं असावं. कर वसूल करायला बसलेला हा ग्रंथकारसुद्धा ऋतू विसरत नाही.

ऋतू विसरली ती एकोणिसाव्या शतकातली अबकारी. तोवर दख्खनमध्ये दारूला वेळ होती. थंडीत शिंदीचा रस गोड उतरे. रात्री मडकं बांधायचं, पहाटे काढायचं. सूर्य वर आला की रस आंबायला लागे आणि दुपारनंतर त्याची शिंदी होई. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात रात्री गळत, ती गोळा करून वाळवत. कोकणात माड बारमाही, पण पावसात झाडावर चढणं जिवावरचं. गोव्यात काजूची बोंडं मार्च ते मे, म्हणून पहिल्या वाफेची हलकी उर्राक त्याच तीन महिन्यांत. प्रत्येक पेयाला त्याचा महिना होता, त्याचं गाव होतं, त्याचा सण होता. पिणारा माणूस होता आणि त्याचे धिंडवडे काढणारंही गाव होतं. पण झाड बंद झालं की दारूही बंद होई. ऋतू हाच तिच्यावरचा सगळ्यात मोठा वचक होता.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे मोडलं. चार्ल्स प्रिचर्ड यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी घडवलेल्या या व्यवस्थेचा हेतू सरळ होता : गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या, पहाऱ्यातल्या भट्ट्यांत गाळायची, ठेकेदारामार्फत विकायची आणि तिच्या तीव्रतेवर कर घ्यायचा. मोजायचं तर पेय एकसारखं हवं. सकाळी गोड आणि संध्याकाळी आंबट होणारी शिंदी हिशेबाच्या वहीत बसत नाही. उरणच्या भट्ट्यांत पंचमहालाकडून आलेल्या मोहाच्या फुलांची दारू गाळली जायची आणि ती बारा महिने मिळायची. मोहाची फुलं लोकांनी घरी ठेवू नयेत म्हणून १८९२ मध्ये खास कायदाच आला. जे फूल आदिवासी घरात भाकरीत पडत होतं, गुरांच्या चाऱ्यात पडत होतं, ते घरात सापडणं हा गुन्हा ठरला. कोकणातल्या भंडाऱ्यांचा माडी काढण्याचा पिढीजात धंदा परवान्याच्या आणि झाडपट्टीच्या ओझ्याखाली आला.

एकसारखी, बारमाही, दुकानात बाटलीतून मिळणारी दारू तेव्हा जन्माला आली. महात्मा फुले १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार करत होते. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालं. या दोघांमध्ये बाकी अंतर कितीही असो, दुकान वाढतंय आणि ते सरकारला हवं आहे, हे दोघांनाही दिसत होतं. रूपाभवानीच्या शिंदीवर पडलेली कुऱ्हाड या अर्धशतकाच्या रागाची होती.

तिकडे पाश्चात्त्य जगात कॉकटेलचं शास्त्र बनत होतं. १८०६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली : दारू, साखर, पाणी, कडवट अर्क. १८६२ मध्ये जेरी थॉमसने पहिलं मोठं पाककृतींचं पुस्तक काढलं. जिन आणि टॉनिकची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे : हिवतापावरचं कडू क्विनाइन, ते गिळवेना म्हणून साहेबाने त्यात जिन घातली. खरं पाहता क्विनाइनचं सोडायुक्त पाणी लंडनमध्ये १८५८ मध्ये पेटंट झालं, आणि दहा वर्षांनी इकडच्या एका क्रीडा-मासिकात जिन-टॉनिकची हाक ऐकू येते ती इस्पितळातून नव्हे, घोड्यांच्या शर्यतीनंतर. औषधाची गोष्ट गोड आहे, म्हणून टिकली. निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली, ती ज्यांनी खणली आणि सोलली त्यांची गोष्ट मात्र कुठल्याही यादीत छापलेली नसते.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी आली. १९६० च्या दशकात ती सैल झाली, १९७० च्या दशकात देशी दारू परवान्याने विकली जाऊ लागली. कायदा मात्र आजही दारूबंदीचाच आहे. महाराष्ट्रात दारू पिणारा माणूस कागदोपत्री परवानाधारक असतो, आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. बंदीच्या काळात ऋतू परत आला असता, तर ती या राज्याची वेगळीच कमाई ठरली असती. तसं झालं नाही. शिंदी गेली, मोह लपला आणि त्यांची जागा मळीने घेतली.

मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा रस. सोलापूर जिल्हा आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. माळशिरस तालुक्यातली माळीनगर आणि श्रीपूर ही नावं १९३० च्या दशकातली. उजनी धरण झाल्यावर तर दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा मुलूख उसाने हिरवा झाला. कारखान्यालगत आसवनी उभी राहते, मळीपासून स्पिरिट निघतं. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत धान्यापेक्षा मळीचं स्पिरिट अधिक असतं, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? पेल्यात रम असो वा व्हिस्की, मूळ आहे ते भीमाकाठच्या उसात. आणि उसाच्या मुळाशी आहे ते पाणी, ज्यासाठी या जिल्ह्यातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहेत.

परवानाधारक बाटली एकीकडे आणि हातभट्टी दुसरीकडे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीवर पोट असलेल्या तांड्यांना नुसत्या धाडी न घालता पर्यायी रोजगाराकडे वळवण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्याची देशभर दखल घेतली गेली. मला त्यातली दृष्टी मोलाची वाटते, कारण तिने दारू गाळणाऱ्याला कष्टकरी माणूस मानलं. दारूने संसार कसे बुडतात ते या शहराने जवळून पाहिलं आहे. गिरण्या बंद पडल्यावर तर फारच जवळून. म्हणून या लेखात कुणाला पेला हाती घ्यायला सांगण्याचा माझा जराही उद्देश नाही.

आता डाळिंबाकडे येतो, कारण इथे सोलापूरला जगाला सांगण्याजोगं खरोखर काही आहे. कॉकटेलच्या दुनियेत ‘ग्रेनाडिन’ नावाचा लाल पाक असतो. जॅक रोझपासून टकीला सनराइजपर्यंत, आणि लहान मुलांसाठी केलेल्या बिनदारूच्या शर्ली टेम्पलपर्यंत कितीतरी पेयांना रंग आणि आंबटगोड चव त्यानेच येते. फ्रेंचमध्ये ‘ग्रेनाद’ म्हणजे डाळिंब, त्यावरून हे नाव. मूळ कृती सोपी : डाळिंबाचा रस, तेवढीच साखर, हवं तर संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा थेंब. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत आज डाळिंब नसतं. मक्याच्या साखरेचा पाक, आम्ल आणि लाल रंग असतो. डाळिंबाच्या नावाने डाळिंबाशिवाय पेय, तेही जगभर.

आणि ते डाळिंब आपल्या सांगोल्याला, मंगळवेढ्याला, पंढरपूरला माळरानावर येतं. २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंबा’ला भौगोलिक मानांकन मिळालं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. फळबागतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्यात निवडलेला ‘गणेश’ वाण इथे रुजला, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ आला आणि त्याने बागा व्यापल्या. या फळाला ऋतू म्हणजे काय ते शेतकरी एका शब्दात सांगतो : बहार. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. कुठला बहार धरायचा हे पाणी पाहून ठरतं. बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं आणि कळीची वाट पाहायची. झाड माणसाने सांगितलेल्या महिन्यात फुलतं, पण ढगाळ हवेत तेलकट डाग पडला की सगळी बाग काळवंडते. ‘तेल्या’ने इथल्या किती बागा उपटायला लावल्या ते ज्यांनी उपटल्या त्यांनाच विचारा. २०१७ मध्ये केगावच्या संशोधन केंद्राने ‘सोलापूर लाल’ हा वाण काढला, रंगाने गडद आणि लोह-जस्ताने समृद्ध.

या सगळ्या खटाटोपानंतर फळ जातं कुठे? चांगलं फळ खोक्यात भरून परगावी, परदेशी. डागाळलेलं फळ मातीमोलाने. त्याचा रस काढून, पाक करून, नाव-गाव लिहून विकावं, तर जगातल्या प्रत्येक बारला आणि प्रत्येक सरबताच्या दुकानाला खरं ग्रेनाडिन मिळेल. ज्या बाटलीवर डाळिंबाचं चित्र असून आत डाळिंब नाही, तिच्यासमोर सांगोल्याच्या बाटलीला मान वर करून उभं राहता येईल. डाळिंबाचं सरबत काही आपल्याला नवं नाही. दाडिमाचा पाक वैद्यांच्या पोतडीत शतकानुशतकं आहे. हे काम दारूशी बांधलेलं नाही, हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

द्राक्षांबद्दल थोडंच. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शेतात निरखून ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ असे वाण उभे केले, ही या जिल्ह्याची मोठी कामगिरी. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, अकलूज परिसरात इटालियन भागीदारीतून वाईनरी उभी राहिली, २०२२ मध्ये सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांतून वाईन विकण्याच्या निर्णयावर राज्यभर वादळ उठलं. त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. सोलापूरच्या द्राक्षाची जी ऋतूकथा आहे, ऑक्टोबर छाटणीपासून मार्चच्या तोडणीपर्यंतची, ती कुणीच सांगितली नाही.

मग ऋतू उरला कुठे? घरात उरला. या गावाइतकी बहुभाषिक पाणपोई महाराष्ट्रात क्वचित असेल. पाडव्याला मराठी घरात कडुलिंब आणि गूळ, कानडी घरात बेवू-बेल्ला, आणि शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी उगादीची पच्चडी. कैरी, नवी चिंच, गूळ, कडुलिंबाचा फुलोरा, मीठ, तिखट हे सहा रस नव्या मडक्यातल्या पाण्यात कालवून पातळ करतात आणि वाटीने पितात. फ्रायरच्या पेयात जिन्नस पाच होते, हिच्यात सहा आहेत, आणि दारूचा थेंब नाही. कैरी चैत्रातच कोवळी मिळते, कडुलिंबाला फुलोरा तेव्हाच येतो. म्हणून ही पच्चडी दुसऱ्या कुठल्याही महिन्यात होऊच शकत नाही. ऋतूचं मिश्र पेय म्हणतात ते हेच. सोलापुरात ते यंत्रमागाच्या खटखटाटात, दोन खोल्यांच्या घरात, वर्षानुवर्षं होत आलं आहे.

मग वैशाख पेटतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. आमच्या घरी तेव्हा आंबील असे. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, निवलं की पुन्हा ताक घालून सरसरीत करायचं. वर लसूण, जिरं, मीठ. आजी ती माठाशेजारच्या मडक्यात ठेवायची आणि उन्हातून आलेल्याला आधी पाणी न देता आंबीलच द्यायची. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीलाही मानांकन आहे, पण मालदांडीच्या आंबिलीचं नाव कुठल्या हॉटेलच्या यादीत मी वाचलेलं नाही. कैरीचं पन्हं आहे, चिंचेचं पाणी आहे, रसवंतीवर घुंगरांच्या आवाजात निघणारा आलं-लिंबू घातलेला उसाचा रस आहे, मोहरमच्या दिवसांत रस्त्यावर वाटलं जाणारं सरबत आहे. गोटी सोड्याची बाटली तर १८७० च्या दशकात हायरम कॉड या इंग्रज माणसाने शोधली आणि ती आपल्या गल्ल्यांत इतकी मुरली की तिचा मूळ देश तिला विसरला. पावसाळा लागला की हुलग्याचं माडगं, गरम, तिखट. पौषात हुरड्याच्या शेतावर ताक. वर्षभराचं हे चक्र एखाद्या आजीला विचारा, ती न अडखळता सांगेल. छापील ते कुठेच सलग सापडत नाही.

रूपाभवानीच्या शिंदीकडे पुन्हा वळतो, कारण ती गोष्ट कुऱ्हाडीपाशी संपत नाही. १९३० मध्ये झाड तोडा म्हणणाऱ्या गांधीजींच्याच प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांच्या हाती त्याचं काम होतं, आणि या संघाने ताडगुळाचा हिरिरीने प्रचार केला. तेच झाड, तोच रस. पहाटे उतरवला आणि आंबू दिला नाही तर नीरा, कढवला तर गूळ. झाड दोषी नव्हतं, हे चार वर्षांत त्याच चळवळीने कृतीने सांगितलं. चार हुतात्म्यांबद्दलचा माझा आदर याने कणभरही कमी होत नाही. त्या झाडातून गरिबाचा पैसा ज्या व्यवस्थेने पिळला, ते तिच्यापुढे उभे राहिले, आणि ती व्यवस्था कुऱ्हाडीस पात्रच होती.

आज ऋतूचं कॉकटेल म्हणून जे मिरवलं जातं, त्यात मला हरवलेल्या वस्तूची ओढ दिसते. लोकांना महिना चाखायचा आहे. ते देण्यासाठी लंडनच्या पुस्तकातल्या, नावापुरत्या ‘बॉम्बे’ची गरज नाही. सोलापूरच्या हॉटेलवाल्यांना माझी विनंती आहे की चैत्रात एक दिवस पच्चडी द्या, वैशाखात आंबील द्या, आणि यादीत तिच्याखाली चार ओळी लिहा : ज्वारी कुठल्या गावची, कृती कुणाच्या घरची. डाळिंब उत्पादकांच्या कंपन्यांनी पाकाची बाटली काढावी आणि तिच्यावर बहाराचं नाव छापावं. इथल्या महाविद्यालयांतल्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू विभागांनी मिळून एका वर्षाची पेयं घरोघरी जाऊन लिहून काढावीत, सांगणाऱ्या बायका आहेत तोवर.

आणि दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जे जमतात, त्यांनाही एक सांगणं आहे. तो आठवडा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा असतो, शहर पाहुण्यांनी भरलेलं असतं, थंडी असते, शिंदीला रस उतरण्याचे दिवस असतात. त्या सकाळी हार घालून झाल्यावर जमलेल्यांना पेलाभर ताजी नीरा द्यावी, आणि देताना ती कुठल्या झाडाची आहे हे मुलांना सांगावं.